बाजार बंद, हप्ता चालू

राज्य सरकारने गावोगावचे आठवडी बाजार पुन्हा भरवायला परवानगी दिली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून. बंद झाले होते मार्चमध्ये, कोरोनाच्या साथीमुळे. बांगड्यावाला, तयार कपड्यांचं पाल लावणारा, मिरची-हळद विकणारी, फुटाणे-मुरमुरे घेऊन बसणारी, चपला शिवणारा, या सगळ्यांचा धंदा जवळपास सात महिने सरकारी हुकमाने बंद होता. रस्त्याच्या कडेला लपूनछपून बसणारे बसत होतेच, पोलिसांची गाडी दिसली की गाठोडं उचलून पळत होते, ती गोष्ट वेगळी. हुकूम चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. रोग खरा होता, माणसं मरत होती, गर्दी थांबवणं भाग होतं. पण ज्याचं दुकान सरकारने बंद ठेवायला लावलं त्याच्या बुडालेल्या कमाईचं काय, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही. साथ सरली आणि आता तर तो कुणाच्या डोक्यातही नाही. पुढच्या वेळी पुन्हा तेच होणार, म्हणून हा लेख.

टाळेबंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, गुढीपाडव्याचा होता. विदर्भात पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल संपतं, नवं ठरतं. जुन्या उधाऱ्या मिटतात, निदान मिटवायची बोलणी तरी होतात. पुढे अक्षय तृतीया, मग लगीनसराई. आमच्याकडचा छोटा धंदा वर्षभर रडतखडत चालतो आणि मार्च ते जून कमावतो. मंडप-भांडी भाड्याने देणारा बिछायत केंद्रवाला, बँडवाला, आचारी, फोटोवाला, काळीपिवळी जीपने प्रवासी नेणारा, रसवंतीवाला, माठ विकणारा कुंभार, यांना पावसाळ्यात कोण विचारतं? २०२० ची सराई पहिल्या टाळेबंदीने खाल्ली, २०२१ ची दुसऱ्या लाटेने. अमरावती आणि अचलपुरात तर २२ फेब्रुवारी २०२१ लाच पुन्हा टाळेबंदी लागली. बाकीचा बराचसा महाराष्ट्र तेव्हा उघडा होता. लागोपाठ दोन सराया बुडालेल्या माणसाचं नुकसान सहा महिन्यांच्या हप्तेसवलतीत मावत नाही, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

त्यात कापूस घरात. हा मुद्दा शहरातल्या चर्चेत कधी आलाच नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. गावच्या किराणा दुकानात, सलूनमध्ये, चक्कीवर, पानठेल्यावर जो पैसा फिरतो तो शेवटी कापूस, तूर आणि सोयाबीनचा. मार्च संपताना यवतमाळ-वर्धा पट्ट्यात बऱ्याच घरांत कापसाच्या गंज्या तशाच पडून होत्या. भाव वाढेल म्हणून अनेकांनी राखून ठेवला होता. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये क्विंटल. सीसीआय म्हणजे केंद्राचं कापूस महामंडळ आणि राज्याचा पणन महासंघ यांची खरेदी केंद्रं बंद पडली, मग उघडली तरी ऑनलाइन नोंदणी, नंबर, मेसेज, रोज मोजक्याच गाड्या, आणि त्यातही प्रतीच्या अटी. इकडे गावोगाव फिरून कापूस घेणारा खेडा खरेदीवाला दारात उभा, हमीभावापेक्षा कितीतरी खाली भाव सांगत. ज्याला मृगाच्या आधी बियाणं घ्यायचं होतं त्याने विकला. कापसाचे हजार रुपये कमी आले की ते एकट्या शेतकऱ्याचे कमी होत नाहीत. किराणावाल्याची उधारी राहते, मजुराची मजुरी लांबते, शिंप्याचं शिवणाचं बिल पुढे जातं. सरकारने त्या एप्रिल-मे महिन्यांत गावातल्या दुकानदारासाठी एकच गोष्ट करायची ठरवली असती तर मी म्हणालो असतो, खरेदी केंद्रांवरचे काटे दुप्पट करा. दुकानदारासाठी वेगळ्या योजनेची तितकी गरज पडली नसती. पण शेती एका खात्यात, लघुउद्योग दुसऱ्या खात्यात. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत मात्र दोन्ही एकाच पानावर.

आता जे चांगलं झालं ते आधी मान्य करू. रेशनचं धान्य पोचलं. एप्रिल २०२० पासून माणशी महिन्याला ५ किलो फुकट, नेहमीच्या कोट्याच्या वर. मधले काही महिने सोडले तर ते डिसेंबर २०२२ पर्यंत चाललं. तांदूळ कधी किडका होता, अंगठा उमटत नव्हता, दुकानदाराच्या काट्याबद्दल तक्रारी होत्या. असं सगळं धरूनही आमच्या भागात उपासमार टळली ती या धान्याने. का पोचलं? कारण यादी आधीपासून होती, दुकान गावात होतं आणि कुणाला नव्याने पात्रता सिद्ध करावी लागली नाही. ज्यांचं कार्ड नव्हतं किंवा परगावी होतं त्यांचे हाल झाले, आणि त्याचंही कारण यादीच.

रोख रकमेचं तसं म्हणता येत नाही. महिलांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये आले. पीएम किसानचे २,००० रुपये एप्रिलमध्ये टाकले, पण ते त्या वर्षी मिळायचेच होते, फक्त लवकर आले. उज्ज्वलाचे तीन सिलिंडर फुकट. ५०० रुपये काढायला बाई सहा-सात किलोमीटर चालत बँकेच्या गावी जायची, कारण एसटी बंद, काळीपिवळी बंद. बाहेर खडूने आखलेल्या गोलात चप्पल ठेवून सावलीला बसायची. रोहयोची, म्हणजे रोजगार हमीची, मजुरी त्या वर्षी महाराष्ट्रात २३८ रुपये झाली, मेळघाटासारख्या भागात ती कामं हाच खरा आधार होता. पण खड्डे खोदण्याचं काम बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला दिलं की त्याला मदत झाली असं समजायचं का? त्याने ते केलं. पोट कुणाला चुकलं आहे. पण क्लॅरिनेट गहाण पडलं ते सुटलं नाही.

आणि मग कर्ज. १२ मे २०२० ला २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं तेव्हा टीव्हीसमोर बसून आकड्यातले शून्य मोजणारे आम्ही सगळेच होतो. त्यात छोट्या धंद्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती ३ लाख कोटींची हमी योजना. विनातारण कर्ज, बँकेला सरकारची शंभर टक्के हमी, पहिलं वर्ष मुद्दल नाही, बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा सव्वानऊ टक्के. वाचायला उत्तम. फक्त कर्ज मिळणार होतं २९ फेब्रुवारी २०२० ला जितकं येणं बाकी होतं त्याच्या २० टक्के. ज्या किराणावाल्याकडे शिशु मुद्राचे, म्हणजे मुद्रा योजनेतल्या सगळ्यात छोट्या कर्जाचे, ५० हजार बाकी, त्याला १० हजार. ज्याने आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलंच नाही, घरच्या पैशावर आणि ठोक व्यापाऱ्याच्या पंधरा दिवसांच्या उधारीवर दुकान चालवलं, त्याला शून्याचे २० टक्के. म्हणजे जो कर्जाच्या वाटेला गेला नाही त्याला संकटात काहीच नाही. नियमित फेडणाऱ्या शिशु मुद्रावाल्यांना व्याजात दोन टक्के सवलत होती, वर्षभरासाठी. ५० हजारांवर ती जास्तीत जास्त हजार रुपये होते. नको कोण म्हणेल, पण हजार रुपयांत महिनोन्महिने बुडालेला धंदा उभा राहत नाही.

ही योजना वाईट होती असं नाही. नागपूरच्या हिंगणा-बुटीबोरीतल्या कारखान्यांना, अकोल्यातल्या डाळमिलवाल्यांना, गोंदियातल्या राइसमिलवाल्यांना तिच्यासारख्या योजनेचा उपयोग होतो. ज्याला बँक ओळखते त्याला बँक अजून थोडं देते. गावातल्या धंद्याला बँक ओळखतच नाही, आणि हीच आमची मूळ अडचण. ती पॅकेज लिहिणाऱ्यांना दिसली नाही, किंवा दिसूनही त्यांनी ती बाजूला ठेवली.

पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेत ही अडचण फार स्पष्ट दिसते. १ जून २०२० ला सुरू झाली. १० हजारांचं खेळतं भांडवल, वेळेवर फेडलं तर सात टक्के व्याज परत, पुढे २० हजार, मग ५० हजार. कल्पना चांगली, आणि शहरांत ती बऱ्यापैकी रुजली. अट अशी की तुम्ही नगर परिषद, नगर पंचायत किंवा महापालिकेच्या हद्दीत विकत असले पाहिजे. पुलगावच्या किंवा दारव्ह्याच्या रस्त्यावर भाजी विकणारीला नगर परिषदेचं पत्र मिळू शकत होतं. तीच बाई जर पाच गावांचे बाजार फिरत असेल, सोमवारी एक, मंगळवारी दुसरं, आणि ते सगळे बाजार ग्रामपंचायतीचे असतील, तर ती कुठेच विक्रेती नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने या योजनेची मुदत मार्च २०३० पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज १५ हजार केलं आणि शहरालगतच्या, जनगणनेत शहर ठरलेल्या गावांपर्यंत टप्प्याटप्प्याने जायचं ठरवलं. म्हणजे हद्दीचा प्रश्न दिल्लीलाही कळला आहे. पण आडवळणाचं खेडं अजूनही बाहेरच.

गंमत बघा, या बाईची नोंद कुठेच नाही असंही नाही. ग्रामपंचायत दरवर्षी बाजाराचा हर्रास, म्हणजे वसुलीच्या ठेक्याचा लिलाव, करते. ठेकेदार दर बाजाराला प्रत्येक पालाकडून पैसे घेतो आणि पावती फाडतो. रॉकेलच्या डब्यावर ठेवलेलं ते पावतीबुक, कार्बन घातलेलं, बोटांना निळा डाग लावणारं, मी कितीदा पाहिलं आहे. त्यावर रक्कम असते, कधी तारीख असते. नाव नसतं. वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीने या लोकांकडून उत्पन्न घेतलं आणि एकदाही त्यांची नावं लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. घराच्या कराचा नमुना ८ कसा चोख असतो; गावात कोण काय धंदा करतो याची यादी मागून बघा.

राज्य सरकारचं बघा. १३ एप्रिल २०२१ ला, दुसऱ्या लाटेतल्या 'ब्रेक द चेन' निर्बंधांच्या वेळी, ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक, प्रत्येकी १,५०० रुपये. आधी निर्बंध आणि मग मदत, असं न करता दोन्ही एकाच भाषणात जाहीर झालं, हे श्रेय द्यायला हवं. रक्कम तुटपुंजी, तरी तत्त्व बरोबर. पण यादीतला प्रत्येक शब्द पुन्हा वाचा: नोंदणीकृत, परवानाधारक. रिक्षा होती, काळीपिवळी नव्हती. गावच्या गवंड्याला बांधकाम कामगार व्हायला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो; ठेकेदार देत नाही, ग्रामसेवक देतो-देतो म्हणतो. सलूनवाले यादीत नव्हतेच, आणि २०२० मध्ये त्यांची दुकानं उघडली ती २८ जूनला, बाकी बऱ्याच धंद्यांच्या नंतर. आदिवासी कुटुंबांच्या खावटी अनुदानाची गोष्ट तर शासकीय कारभाराच्या वर्गात शिकवावी अशी. ऑगस्ट २०२० मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलं, ४ हजार रुपये, अर्धे रोख आणि अर्ध्याच्या वस्तू. आणि त्यातले २ हजार रोख पुढच्या एप्रिलच्या पॅकेजमध्ये पुन्हा जाहीर झाले. एकाच मदतीच्या दोन बातम्या.

आता हप्त्यांकडे येऊ. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला तीन महिन्यांची, नंतर वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत सहा महिन्यांची हप्तेसवलत जाहीर केली. गावात त्याचा अर्थ निघाला 'सरकारने हप्ते माफ केले'. मोबाइलवर तसेच मेसेज फिरत होते. प्रत्यक्षात दोन गोष्टी होत्या. रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांना परवानगी दिली होती, सक्ती नव्हती. आणि हप्ता थांबला तरी व्याज थांबणार नव्हतं.

आमच्याकडे बायकांच्या नावावर जी कर्जं आहेत ती बरीचशी खासगी मायक्रोफायनान्सची. सगळे त्याला 'गटाची किस्त' म्हणतात, पण हा उमेद किंवा माविम या सरकारी उपक्रमांतला बचत गट नव्हे. तिथे बायका आपल्या बचतीतून एकमेकींना देतात. इथे कंपनी देते आणि बायका एकमेकींना जामीन राहतात. शिलाई मशीन, शेळ्या, चहाचं दुकान, मुलीचं लग्न, सगळं याच पैशावर. टाळेबंदी सैल होताच किस्तवाला मोटरसायकलवर परत गावात यायला लागला. कुणाच्या तरी ओसरीवर दहा बायका मास्क लावून बसलेल्या. त्यातल्या एकीजवळ पैसे नाहीत. किस्तवाला आवाज चढवत नाही, तो फक्त उठत नाही. मग बाकीच्या नऊ जणी पदराच्या गाठी सोडतात, कुणी शेजारणीकडून आणते. त्याला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचून दाखवायला तिथे कोण होतं? सवलत मागायची असते, अर्ज करायचा असतो, हे त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगण्यात किस्तवाल्याचा फायदा नव्हता.

ज्यांना सवलत मिळाली त्यांचाही हिशोब करून बघा. समजा ४० हजार बाकी आहेत, व्याज वर्षाला २४ टक्के. सहा महिन्यांचं सरळ व्याज ४,८००. व्याजावर व्याज धरलं तर साधारण ५,०४६. फरक २४६ रुपयांचा. सर्वोच्च न्यायालयात महिनोन्महिने जी लढाई झाली तिच्यातून सुटले ते हे २४६ रुपयेच. केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये २ कोटींपर्यंतच्या ठराविक कर्जांवर हा फरक परत द्यायचं ठरवलं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सगळ्याच कर्जदारांसाठी व्याजावरचं व्याज रद्द केलं, पण सगळं व्याज माफ करायला नकार दिला. वर्तमानपत्रांत मथळे आले, कर्जदारांना दिलासा. ४,८०० रुपये मात्र होते तिथेच राहिले. आणि केंद्राच्या त्या परताव्यातून पीक कर्ज आणि ट्रॅक्टरचं कर्ज वगळलेलं होतं. क्रेडिट कार्डाची थकबाकी बसत होती, ट्रॅक्टर बसत नव्हता! विदर्भात ट्रॅक्टर म्हणजे श्रीमंती नव्हे. भाड्याने नांगरटी, वखरटी करून देणाऱ्या पोराचा तो धंदा आहे, आणि त्याच्या हप्त्याची तारीख पाऊस बघून येत नाही.

सगळ्यात मोठी मदत कुणी केली असेल तर ती गावच्या किराणावाल्याने. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावातल्या दुकानाची त्या उन्हाळ्यातली वही डोळ्यासमोर आणा. लाल कापडी पुठ्ठा, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, पानाच्या डोक्यावर नाव, तेही बापाच्या नावाने किंवा टोपणनावाने. खाली अर्धा लिटर तेल, मीठ, चहापत्ती, साबण, मोबाइलचा रिचार्ज, पुन्हा तेल. रेशनवर गहू-तांदूळ मिळत होता, तेल-तिखट-साबण नाही. तो खर्च या वहीने उचलला. उजव्या रकान्यात जमा लिहायची जागा कोरी. दुकानदार नाही म्हणू शकत नव्हता, कारण पुढची तीस वर्षं त्याला याच गावात धंदा करायचा आहे. आणि तालुक्याचा ठोक व्यापारी त्याला सांगत होता, आता उधारी बंद, रोख आणा. दोन्हीकडून दाबलेल्या या माणसाने बायकोच्या अंगावरचं सोनं गहाण ठेवून माल भरला, अशी उदाहरणं आमच्या भागातल्या गावागावांत सापडतील. सरकारी तिजोरीतून जायला हवी होती अशी मदत त्याने स्वतःच्या खिशातून, बिनव्याजी, कुठलाही अर्ज न घेता वाटली. त्यातली किती परत आली हे तो सांगत नाही. गावाची अब्रू जाते.

'पैसा कुठून आणायचा?' हा आक्षेप रास्त आहे. राज्याचं उत्पन्नही तेव्हा आटलं होतं. पण बँकांना दिलेली हमी हा सरकारचाच पैसा आहे, व्याजावरच्या व्याजाचा परतावा हाही सरकारचाच पैसा. प्रश्न पैसा आहे की नाही हा नव्हता, कुणाच्या हातात आधी जातो हा होता. एक लाखापर्यंतच्या कर्जांवरचं टाळेबंदीच्या काळातलं साधं व्याज सरकार आणि कर्ज देणारी संस्था यांनी निम्मं-निम्मं उचलायला काय हरकत होती? वरच्या उदाहरणात ते प्रत्येकी २,४०० होतं. चोवीस टक्क्यांनी धंदा करणाऱ्याने जागतिक संकटात एवढं सोसावं, ही काही क्रांतिकारक मागणी नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे आणि तो आमच्याच लोकांकडून येतो. माफीची सवय लागते. महाराष्ट्राने कर्जमाफ्या पाहिल्या आहेत. महात्मा फुले कर्जमुक्ती योजना तर टाळेबंदीच्या ऐन तोंडावर चालू होती, २ लाखांपर्यंतची. नियमित फेडणारा दरवेळी मूर्ख ठरतो, ही तक्रार खरी आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. पण इथे फरक आहे. शेतमालाचा भाव पडला, पाऊस आला नाही, धंद्याचा अंदाज चुकला, तेव्हा जोखीम कुणाची यावर वाद घालता येतो. इथे सलूनवाल्याला सांगितलं गेलं, शटर उघडलंस तर गुन्हा दाखल होईल. रस्ता रुंद करायला जमीन घेतली तर सरकार मोबदला देतं, कुणी त्याला सवय लागेल म्हणत नाही. सगळ्यांच्या जिवासाठी एखाद्याची कमाई थांबवली तर त्याच न्यायाने त्याचा किमान खर्च भरून द्यावा, एवढंच. दुकानाचं भाडं, वीजबिलातला स्थिर आकार, कर्जावरचं व्याज. नफा नको.

हे जमत नाही तेव्हा माणूस सावकाराकडे जातो. कायदा कडक आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, यापेक्षा जास्त घेता येत नाही. २०१४ च्या सावकारी कायद्यात अवैध सावकाराने हडपलेली जमीन परत मिळवायची तरतूद आहे, जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा. कागदावर सगळं आहे. पण महिन्याला शेकडा पाचने पैसे देणारा रात्री अकरालाही दार उघडतो, आणि बँकेत गेलं की आधी विचारतात, सिबिल किती?

ज्या घरात माणूसच गेला त्यांची गोष्ट वेगळी, तिथे लाजेपोटी आणि अज्ञानापोटी हक्काचे पैसे सुटले. जीवनज्योती विम्याचे तेव्हा वर्षाला ३३० रुपये खात्यातून कापले जात. मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख. कोविडचा मृत्यूही त्यात येत होता. कितीतरी घरांनी पासबुक कधी भरूनच आणलं नाही, म्हणून आपला माणूस विमाधारक होता हे त्यांना माहीतच नव्हतं. आजही गावात कुणी गेलं तर तेराव्याच्या आधी पासबुकावर नोंदी छापून आणा असं मी प्रत्येकाला सांगतो. आता हप्ता ४३६ आहे, नोंद शोधायला दोन मिनिटं लागतात. कोविड मृत्यूचं ५० हजारांचं सानुग्रह अनुदान सर्वोच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे मिळालं, पण त्याला तपासणीचा कागद लागत होता. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ताप अंगावर काढून, तपासणी न करता घरीच वारलेली माणसं गावात काय कमी होती?

तर काय करावं? माझी मागणी फार मोठी नाही, त्यामुळे ती कुणाच्या जाहीरनाम्यात येणारही नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीत धंद्यांची नोंदवही असावी. दुकान, चक्की, सलून, बिछायत, बँड, काळीपिवळी, शिवणकाम, शेळीपालन, आणि बाजारात पाल लावणारे. बाजाराच्या पावतीवर नाव आणि मोबाइल नंबर लिहिला की अर्धं काम झालं. शेवटच्या तीन महिन्यांच्या बारा पावत्या म्हणजे धंद्याचा पुरावा, असा एक शासन निर्णय निघाला की उरलेलं. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी गावात कुणाला किती दिलं हे त्यांच्या संगणकात असतंच. संकट जाहीर झालं की हप्तेसवलत आपोआप लागू व्हावी, ज्याला नको असेल त्याने अर्ज करून भरावं. २०२० मध्ये बऱ्याच ठिकाणी उलटं होतं.

यावर लगेच म्हणतील, नोंदवही झाली की सरपंचाच्या जवळचे आत आणि दुसऱ्या पार्टीचे बाहेर. होईल, थोडं तसं होईलच. रेशनच्या याद्यांतही झालं. आणि धंदेवाल्यांना खरी भीती वेगळीच आहे. नाव लिहिलं की उद्या कर लागेल, परवा जीएसटीवाला येईल. ती घालवायची तर ठरावातच लिहून टाकावं लागेल की या नोंदीवरून कुठलीही वसुली होणार नाही, आणि यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जाईल. मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी याच राज्याने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात तिचा कस लागला, वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि केंद्राने २००५ मध्ये देशभरासाठी कायदा केला. हजेरीपट, खोटी नावं, मस्टरचे घोटाळे, सगळं त्यातही झालं, तरी राज्याने ती तेवढ्यासाठी गुंडाळली नाही. त्या वेळी मजुराची गरज आपल्याला ओळखता आली. स्वतःचा धंदा करणारा गरीब मात्र आपल्या कुठल्याच चौकटीत बसत नाही. तो शेतकरी नाही, मजूर नाही, उद्योजक म्हणावं तर हसू येतं.

शासन निर्णयाची वाट बघायचीही गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, ग्रामसभा होतेच. कोरम नसला तर तहकूब होऊन पुन्हा होते. विषयपत्रिकेवर हा विषय घ्या असा साधा अर्ज गावातले पाच दुकानदार देऊ शकतात. बाजाराचा पुढचा हर्रास होईल तेव्हा ठेकेदाराच्या करारात एक ओळ घालायची: पावतीवर नाव लिहिणं बंधनकारक. पावतीबुक छापणारा जास्त पैसे मागणार नाही.